पेन्सिलीचे तीन ठिपके

“पाच वाक्यं,” काकू सांगली स्टँडवर रिक्षात बसता बसता पुन्हा म्हणाल्या. “पाचवं वाक्य झालं की वासंती, तू पाण्याचा ग्लास पुढं करायचास. ग्लास दिसला की मी उठते, डॉक्टरांनी जास्त बोलू नका सांगितलंय म्हणते, आणि आपण निघायचं. चहालासुद्धा थांबायचं नाही.”

“आणि कुणी प्रश्न विचारला तर?”

“घसा बसलाय म्हणायचं.”

“घसा कुणाचा बसलाय?” आम्हा दोघींच्या मध्ये बसलेल्या सरांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, विचारलं.

“तुमचा,” काकू म्हणाल्या.

“बरं,” असं म्हणून सरांनी आज्ञाधारकपणे घसा खाकरून बघितला.

एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही. मिरज सोडल्यापासून माझे तळहात ओले होते आणि पर्समधला रुमाल पिळून काढावा इतका भिजला होता. ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत होते, आणि माणसं मला ओळखत होती ती सरांची, म्हणजे प्रभाकर उगारे यांची, लेखनिक म्हणून.

‘स्वातीयान’ ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तीनशे माणसं घेऊन एक यान स्वातीच्या ताऱ्याकडे निघालं आहे. एवढीच गोष्ट. पण उगारे सरांनी ती चौसष्ट साली सुरू केली आणि वर्षाला एक, कधी दोन अशी पुस्तकं लिहीत राहिले. पुस्तकाला ते टप्पा म्हणायचे. पहिला टप्पा वाचलेली मुलं नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली, त्यांच्या मुलांनी विसावा टप्पा वाचला, तरी यान आपलं चाललेलंच. या वाचकांचं सांगलीत एक मंडळ होतं. हळदीचे व्यापारी, वकील, एसटीतले कंडक्टर, शिक्षक असे सगळे होते त्यात, आणि देवाच्या पोथीत काढणार नाहीत इतक्या चुका ते सरांच्या पुस्तकांत काढायचे. प्रेमानंच, पण काढायचे.

त्या मंडळाच्या सभेला आम्ही निघालो होतो, आणि मी जीव मुठीत धरून बसले होते. कारण शेवटचे तीन टप्पे, छत्तीस, सदतीस आणि अडतीस, सरांनी लिहिलेले नव्हते. मी लिहिले होते.

चोरी करायची म्हणून नाही लिहिले. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मी लिहून घ्यायला जाऊ लागले. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, घर दोन गल्ल्यांवर. छत्तिसावा टप्पा सुरू झाला आणि एका सोमवारी सरांनी पहिलं पान सांगितलं. मंगळवारी पुन्हा तेच पान सांगितलं. बुधवारीही तेच, शब्दाला शब्द. मी घरी आले आणि दुसरं पान स्वतः लिहिलं. गुरुवारी ते वाचून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, “चांगलं सांगितलंय मी.”

पुढं डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हा आजार मागं फिरत नाही, असंही सांगितलं. त्या संध्याकाळी सर अगदी शुद्धीवर होते. काकू आत गेल्या तशी त्यांनी मला जवळ बोलावलं. “चाळीस वर्षं पोरांना ‘विसरलास कसा’ म्हणून छड्या मारल्या मी. आता मीच विसरतोय. हे बाहेर कळू देऊ नकोस. माझ्यावर कुणी हसलेलं चालेल मला, कीव केलेली चालणार नाही.”

“नाही कळू देणार, सर,” मी म्हणाले.

तीन वर्षं झाकली मूठ तशीच राहिली. सर्दी, ताप, पुण्याला लग्न, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळी कारणं देऊन झाली. यंदा मंडळाचं पत्र आलं, ‘सरांना येणं जमत नसेल तर आम्ही ऐंशी जण घरी येतो.’ ऐंशी माणसं घरात शिरली असती तर त्यांनी काय काय बघितलं असतं! न्हाणीघराच्या दारावर काकूंनी लावलेला ‘न्हाणीघर’ असा कागद, कपाटावरचा ‘कपडे’, देवघरावरचा ‘देव’. त्यापेक्षा आपण जाऊन पाच वाक्यं बोलून यावं असं ठरलं. सरांची सकाळ बरी जायची. अकरापर्यंत ते जवळजवळ पूर्वीसारखे असायचे. सभा दहाची होती.

सभा सव्वाअकराला सुरू झाली. सत्काराचा हार यायचा होता म्हणे.

मुलींच्या एका शाळेतला चित्रकलेचा हॉल होता. एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मंडळाचा नकाशा लावला होता. बावीस फूट मांजरपाट, त्यावर पृथ्वीपासून निघालेली निळी रेघ, आणि रेघेवर प्रत्येक टप्प्याचा एक लाल ठिपका. हा नकाशा म्हणजे मंडळाचा कुलाचार होता. नवा टप्पा निघाला की सभेत त्यावर वाद व्हायचा, मग हात वर करून मतदान, आणि मत बाजूनं पडलं तरच बाबू पेंटर लाल ठिपका काढायचा. मत विरुद्ध पडलं तर तो टप्पा बाद. त्यावर पांढरा रंग. मग मंडळाच्या लेखी ते पुस्तक घडलंच नाही. एकोणिसावा टप्पा असा बाद झाला होता, कारण सरांनी यानावर भूत आणलं होतं. त्या वेळी सर स्वतः हजर होते आणि खो खो हसत त्यांनीही बाद म्हणून हात वर केला होता. हे सगळं लेखकासमक्षच करायचं असा नियम होता. म्हणून गेल्या तीन टप्प्यांचे ठिपके नुसते पेन्सिलीनं काढून ठेवले होते.

माझे तीन ठिपके. मला ते दारातूनच दिसले.

बाबू पेंटर रंगाचे दोन डबे पुढ्यात घेऊन नकाशापाशी स्टुलावर बसला होता. सरांना बघून तो उठला आणि त्यानं वाकून नमस्कार केला. “लई वर्सांनी आलासा, सर.”

सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुटपुटले, “बाबू पेंटर.”

“बाबू,” सर म्हणाले, “हात बरा आहे ना?”

बाबूचा हात नेहमीच बरा होता, पण त्याला केवढं बरं वाटलं. मला आत कुठंतरी श्वास घ्यायला जागा झाली.

हार झाला, स्वागत झालं, आणि सर बोलायला उभे राहिले. काकू पहिल्या रांगेत ओठ हलवत होत्या. मी सरांच्या शेजारी, हातात पाण्याचा ग्लास.

“मंडळी, यान अजून चाललेलं आहे,” सर म्हणाले. आवाज खणखणीत, वर्गातला. “तुम्ही वाचता म्हणून ते चालतं. मी म्हातारा झालो, पण यान म्हातारं झालेलं नाही. पुढचा टप्पा लांबचा आहे. सर्वांना माझे आशीर्वाद.”

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मी ग्लास पुढं केला. सर दोन घोट प्यायले, ग्लास माझ्या हातात दिला, आणि टाळ्या थांबल्यावर पुन्हा श्रोत्यांकडे वळले.

“मंडळी, यान अजून चाललेलं आहे,” सर म्हणाले. “तुम्ही वाचता म्हणून ते चालतं.”

काकूंचे ओठ मिटले. सर तेच, त्याच आवाजात, त्याच ठिकाणी थांबत बोलत होते. संपलं, मी स्वतःशी म्हणाले. ऐंशी माणसांसमोर संपलं. पाचवं वाक्य झालं.

मग मागच्या रांगेतला एक कंडक्टर टुणकन उठला. “दोनदा! सरांनी निरोप दोनदा पाठवला!”

आणि अख्खा हॉल उसळला. ‘स्वातीयान’मध्ये यानावरून पृथ्वीला जाणारा प्रत्येक निरोप दोनदा जातो, पहिला वाटेत तुटला तर दुसरा पोचावा म्हणून. मंडळाची माणसं एकमेकांना पत्रं लिहितानासुद्धा शेवटची ओळ दोनदा लिहायची. सरांनी ते लक्षात ठेवून केलं म्हणून म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली. देवा, या वेड्यांना असंच वेडं ठेव, असं मी मनात म्हणाले, आणि सरांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं.

काकू ठरल्याप्रमाणं उठल्या. “डॉक्टरांनी जास्त…”

“काकू, दहा मिनिटं,” मंडळाचे अध्यक्ष चौगुले वकील म्हणाले. साठीचे, उंच, कोर्टातही एवढे सरळ उभे राहत नसतील. “सरांनी काही बोलू नये. आम्हीच बोलतो. पण ठिपक्यांचं काम लेखकासमक्षच होतं. तीन वर्षं थांबलोय आम्ही.”

काकू बसल्या. घड्याळात पावणेबारा झाले होते. सरांची बोटं धोतराच्या काठावर फिरायला लागली होती, एकदा इकडून तिकडं, एकदा तिकडून इकडं. ही खूण मला ठाऊक होती. आता थोड्याच वेळात ते ‘घरी कधी जायचं’ असं विचारणार होते, आणि नंतर ‘घर कुठं आहे’ असं.

चौगुले वकिलांनी तिन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. “मी बाद म्हणणार आहे, आणि का ते सरांच्या तोंडावर सांगणार आहे. सरांनीच आम्हाला तसं शिकवलंय. तीस वर्षं यान पुढं चाललं. नवे ग्रह, नवे सूर्य, उल्कांचा पाऊस! छत्तिसाव्या टप्प्यापासून ते एका म्हाताऱ्याच्या खोलीत अडकून पडलंय.”

“खरं हाय!” कंडक्टर म्हणाला. “तीन पुस्तकं झाली, अण्णा नुसता चष्मा शोधतोय. अन् तो हाय त्याच्याच कपाळावर.”

लोक हसले. मी मान खाली घातली. आता सांगायलाच हवं. अण्णा म्हणजे यानाचा नाविक, पहिल्या टप्प्यापासूनचा. तीन हजार तारे त्याला तोंडपाठ. मी लिहायला लागले आणि अण्णा विसरायला लागला. तो ताऱ्यांची नावं विसरतो, मग माणसांची, मग खोलीचा रस्ता. यानाचा मार्ग चुकू नये म्हणून तरुण मंडळी त्याच्या नकळत त्याची गणितं तपासून नीट करून ठेवतात. त्याला कळू देत नाहीत. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. दिवसभर सरांच्या घरात जे बघायची तेच रात्री कागदावर उतरायचं. मी ते काकूंना कधी सांगितलं नव्हतं. काकू पुस्तकं वाचत नसत. सरांना वाचून दाखवणं मी छत्तिसाव्याच्या मध्यावरच बंद केलं होतं. छापलेली पुस्तकं त्यांच्या उशाशी असायची, पण ते नुसती पानं उलटत बसतात असंच मी धरून चालले होते.

“तीन हजार तारे पाठ असलेला माणूस विसरतो?” चौगुले म्हणाले. “हा अण्णाचा अपमान आहे. वाचकाचा आहे.”

“विसरतो, साहेब.” खिडकीपाशी एक तरुण मुलगी उभी राहिली. निलोफर मुजावर. मिरजेत एका दवाखान्यात ती नर्स होती हे मला ठाऊक होतं, कारण मंडळाच्या पत्रात तिच्या नावापुढं तसं लिहिलं होतं, आणि ते वाचलं त्या दिवसापासून मला धड झोप लागली नव्हती. “आमच्या वॉर्डात येतात की असे पेशंट. मास्तर असतात, वकील असतात. मला तर हेच तीन टप्पे सगळ्यांत आवडले. नवीन ग्रह काय, कुणीपण काढेल. पण अण्णा साबणाची वडी खिशात ठेवतो आणि विचारलं की ‘राहू दे, लागेल’ म्हणतो, हे मनानं नाही लिहिता येत.”

पहिल्या रांगेत काकूंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. साबणाची वडी त्यांनीच सरांच्या कोटातून काढली होती. माझ्यासमोर. त्या नजरेत राग होता की नुसतं दुखणं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र जागच्या जागी मेले. घरात माणूस आजारी पडला आणि मी त्याचं पुस्तक केलं, असंच दिसत होतं ना ते? आणि ते खोटं तरी कुठं होतं!

“म्हणून सरांना एकच विचारायचंय,” निलोफर म्हणाली. आवाज मऊ होता, वॉर्डातला असावा तसा. “सर, हे तुम्ही कुठं बघितलंत? घरात कुणाला…”

“सरांचा घसा बसलाय,” मी एकदम म्हणाले. इतक्या जोरात की माझाच घसा बसला.

निलोफरनं आता सरांकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग सरांच्या बोटांकडे, धोतराच्या काठाकडे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चांदणं खरंच पडलं होतं. तिला कळत होतं. आणखी एक प्रश्न, आणि सगळ्यांना कळणार होतं.

“बघितलं असेल कुठंही,” चौगुले वकील पुस्तक उचलत म्हणाले. “प्रश्न ते नाही. प्रश्न हा आहे, की हे ‘स्वातीयान’ आहे का? ऐका. सदतिसावा टप्पा, पान एक्क्याण्णव.”

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी पान उघडलंसुद्धा. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“‘अण्णा मार्गिकेत उभा होता. दोन्ही बाजूंना सारखीच दारं. यातलं एक आपलं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं एकेका दाराला हात लावून बघितला. कुठलंच दार ओळखीचं लागेना. तेवढ्यात इंजिनखोलीतली मुलगी आली. काय करताय, अण्णा? अण्णानं हात मागं घेतला. म्हणाला, काही नाही गं, दारं मोजतोय.’”

पुस्तक मिटलं. सरांनी डोळे मिटले होते. बोटं थांबली होती.

“हे कुणी लिहिलंय?” सरांनी विचारलं.

चौगुले हसले. “तुम्हीच, सर.”

“नाही,” सर म्हणाले. मोठ्यानं, स्पष्ट, फळ्यावरचं चुकलेलं गणित खोडावं तसं. “मी हे लिहिलेलं नाही.”

तीन वर्षं ज्या वाक्याची भीती घेऊन मी झोपले आणि उठले, ते वाक्य सरांनी स्वतःच्या तोंडानं, ऐंशी माणसांसमोर म्हटलं होतं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

आणि चौगुले वकिलांनी टाळी वाजवली.

“ऐकलंत? लेखकानं स्वतः नाकारलं! याला म्हणतात मोठेपणा! एकोणिसाव्याच्या वेळीही सर असेच म्हणाले होते, ‘हे माझं नव्हेच.’”

जुनी मंडळी टाळ्या पिटायला लागली. खरं उघड्यावर येऊन पडलं होतं आणि कुणी ते उचलायलाच तयार नव्हतं! त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ एकच होता, यान इकडं जाणार की तिकडं. मला रडावं की हसावं कळेना. एवढं मात्र कळलं, की सर अजून वाचले आहेत, आणि ते टिकवायचं असेल तर हे लवकर संपवायला हवं.

पण निलोफर बसली नव्हती. “साहेब, सर तसं म्हणाले नाहीत. सर म्हणाले, मी लिहिलेलं नाही. ताई,” ती माझ्याकडे वळली, “लिहून तुम्हीच घेता ना? मग तुम्ही सांगा.”

चौगुले वकिलांनीही मान डोलावली. “हो, मगदूमबाई, तुम्हीच सांगा. सरांनी हे टप्पे मनापासून सांगितले, की नुसतं प्रकाशकाच्या घाईपायी?”

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणावं तर सर आत्ता जे बोलले ते खोटं, म्हणजे सर विसरले. नाही म्हणावं तर मग लिहिलं कुणी? इकडं आड, तिकडं विहीर. सरांचा चेहरा माझ्या बाजूला वळलेला होता आणि त्यावर काय होतं ते बघायची माझी छाती झाली नाही.

“मतदान घ्या,” मी म्हणाले. “सर थकलेत.”

“बरोबर. मतदान.” वकिलांना एवढंच हवं होतं. “छत्तीस, सदतीस, अडतीस. तिन्ही टप्पे बाद करावेत, या बाजूनं हात वर.”

हात वर जायला लागले. पुढचे, मागचे, कंडक्टरचे तर दोन्ही. बाबू पेंटरनं पांढऱ्या डब्याचं झाकण उघडलं. निलोफर हात खाली ठेवून माझ्याकडेच बघत होती, आणि मला समजलं की माझा हात खाली राहिला तर तिचा पुढचा प्रश्न येणार. तीन वर्षांच्या रात्री होत्या त्या. एक एक पान मी चार चार वेळा लिहिलं होतं. जगात कुणालाही सांगता येणार नाही अशी माझी एवढीच कमाई होती.

मी हात वर केला. सगळ्यांत उंच केला, म्हणजे मागूनही दिसावा.

“सत्तावन्न,” कुणीतरी मोजलं. “मगदूमबाई धरून अठ्ठावन्न.”

“विरोधात?” चौगुले वकिलांनी रिवाज म्हणून विचारलं.

निलोफरनं हात वर केला. तिच्याजवळ दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्यांनी केला. आणखी चारपाच जणांनी केला. आणि मग सगळ्यांच्या नजरा एकदम माझ्या शेजारी वळल्या.

सरांनी हात वर केला होता.

“सर,” चौगुले वकील जरा गोंधळून, हळूच म्हणाले, “हा हात विरोधातला आहे. टप्पे ठेवायचे म्हणणाऱ्यांचा. तुम्ही तर आत्ताच…”

“मी लिहिलेलं नाही,” सर म्हणाले. “पण खरं आहे ते. एक चूक आहे त्यात.”

“कुठली, सर?”

सर थांबले. इतका वेळ थांबले की गेलं, शब्द गेले, असं मला वाटलं. पण ते शब्द शोधत नव्हते. ते जपून बोलत होते.

“अण्णाला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“पोरं त्याची गणितं करतात ते. वही उघडली की कळतं ना. अक्षर त्याचंच, पण गणित त्याचं नाही. आपण काय केलं असतं ते माणूस विसरतो, पण हे आपण केलेलं नाही एवढं त्याला कळतं.” त्यांनी हात वर ठेवूनच दम घेतला. “तो बोलत नाही. बोलला तर पोरं घाबरतील. त्यांना वाटतं, त्याला कळलं तर तो मोडून पडेल. म्हणून तो म्हणतो, चांगलं सांगितलंय मी. असं म्हटलं की पोरांना बरं वाटतं.”

“हे पुस्तकात कुठंच नाही, सर,” चौगुले वकील म्हणाले. त्यांचा कोर्टातला आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

“नाही,” सर म्हणाले. “लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं.”

काकू रडत होत्या. उघडपणे, आवाज न करता. चौगुले वकिलांनी हातातलं सदतिसावं पुस्तक उघडलं, एक्क्याण्णवावं पान स्वतःशीच पुन्हा वाचलं, आणि आपला हात वर केला. आता कुठल्या बाजूनं, ते कुणी विचारलं नाही. मग कंडक्टर म्हणाला, “आयला, म्हणजे अण्णा तिन्ही पुस्तकं आपल्याला बनवत हुता!” आणि एकेक करून हात परत वर जायला लागले. निलोफर गर्दीतून वाट काढत पुढं आली. तिनं सरांच्या खुर्चीला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “घसा बसलाय सरांचा. आता प्रश्न नको. सभा संपवा, साहेब.” पुन्हा तिनं मला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही कधी नाही.

अण्णाला ठाऊक होतं की नव्हतं, यावर मंडळात आजही भांडणं होतात. आता ती फोनवरच्या ग्रुपवर होतात. मी त्या ग्रुपवर आहे, पण मी तिथं कधी काही लिहीत नाही.

बाबू पेंटर एका हातात पांढऱ्या रंगाचा ब्रश आणि दुसऱ्या हातात लाल रंगाचा ब्रश घेऊन ताटकळला होता. “काय करू, सर?” त्यानं थेट सरांनाच विचारलं. “लाल का पांढरा?”

सरांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते माझ्याकडे वळले. तीन वर्षं मी ज्या नजरेला नजर द्यायचं टाळत होते, ती अगदी स्वच्छ होती.

“हात खाली घे आता, वासंती,” ते म्हणाले. “दुखेल.”

मी वर बघितलं. माझा हात अजून बाद म्हणूनच वर होता.